सोळा बिऱ्हाडे हलवून पाच बंगले: एका प्रस्तावाला उत्तर

फोंडेकर :
‘चिरेबंदी’ यांनी परवा येथे लिहिले की, बाजारामागची तीन मजली इमारत आता वस्तीची शोभा घालवते, तिच्यातील सोळा बिऱ्हाडांना पैसे देऊन मोकळे करावे आणि त्या जागी कुंपण-अंगण असलेले पाच स्वतंत्र बंगले बांधावेत, म्हणजे गर्दी ओसरेल, नळाला दाब येईल आणि ‘गोव्याची मूळ घरांची रीत’ परत येईल. त्याखाली आलेली वाहवा पाहून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मूळ रीतीपासूनच सुरुवात करू. फोंडा महालातील ज्या जुन्या घरांचे फोटो आपण कौतुकाने पाहतो, त्यांतल्या एकेका घरात राजांगणाभोवती, म्हणजे घराच्या मधल्या अंगणाभोवती, भावाभावांची बिऱ्हाडे नांदत होती, चुली वेगळ्या होत्या आणि विहीर व तुळस एक होती. एक जोडपे, दोन मुले, दोन गाड्या आणि भोवती पुरुषभर उंच भिंत ही रीत आपल्याकडे बिल्डरांच्या जाहिरातींतून आली आहे.

‘मोकळे करावे’ हे लिहायला फार सोपे आहे. गोव्यात लागू असलेल्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सहसा समाईक असते आणि विक्रीखतावर दोघांच्याही सह्या लागतात. सोळा सदनिकांच्या सह्या मोजा, त्यांत वारलेल्या मालकांच्या वारसांची भर घाला, आणि त्या वारसांपैकी दोन कुटुंबे पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्थायिक झालेली आहेत हेही लक्षात घ्या. इमारतीखालच्या जमिनीच्या उताऱ्यावर तर अजून जुन्या भाटकाराचेच, म्हणजे जमीनमालकाचेच, नाव आहे.

आणि समजा, हे सारे जुळले, तरी तेथील शिंपी, परिचारिका आणि निवृत्त शिक्षक यांना मिळणाऱ्या पैशांत फोंड्यात दुसरी सदनिका येणार नाही. ती माणसे उसगाव-धारबांदोड्याकडे सरकतील आणि कामासाठी रोज बसने येथेच परत येतील. मग ओसरली ती कोणती गर्दी?

चिरेबंदी :
फोंडेकरबाब, आपण राजांगणाचे काव्य सुरेख लिहिता, परंतु आपले घर त्या इमारतीला लागून नाही, माझे आहे. गेल्या पावसात तिच्या सज्जाचा तुकडा माझ्या मुलीच्या स्कूटरवर पडला, आणि ती तेथून पाच मिनिटांपूर्वीच उठून गेली होती. सेप्टिक टाकी भरून वाहते तेव्हा तो वास आमच्या देवघरापर्यंत येतो. सोळा मालकांपैकी एकालाही दुरुस्तीसाठी वर्गणी काढणे जमलेले नाही. ज्यांना स्वतःचा जिना रंगवता येत नाही, त्यांच्या सोयीसाठी शेजाऱ्यांनी किती वर्षे डोक्यावर हात धरून चालायचे? पाच बंगल्यांचे पाच मालक असतील आणि प्रत्येकाला आपले छप्पर आपणच सांभाळावे लागेल, एवढेच माझे म्हणणे होते.

कुडचडेकर :
चिरेबंदींशी पूर्ण सहमत. काणकोणात काय झाले ते आठवा. जुन्या इमारती वेळीच पाडल्या नाहीत की माणसे मरतात.

निवृत्त स्थापत्य अभियंता :
कुडचडेकर, काणकोणच्या चावडीवर ४ जानेवारी २०१४ रोजी कोसळलेली इमारत जुनी नव्हती, तिचे बांधकाम चालू होते, आणि त्या दुर्घटनेत ३१ जणांचा बळी गेला. तो दाखला नव्या बांधकामावरील देखरेखीसाठी जरूर द्या, परंतु जुनी इमारत पाडण्याच्या बाजूने तो उपयोगी पडत नाही.

मिरामार किंवा वास्कोच्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे काँक्रीटमधील सळ्या गंजतात, गंजलेली सळी फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून टाकते. फोंडा समुद्रापासून आत आहे. येथील रोग मुख्यतः गच्चीच्या आणि न्हाणीच्या गळतीचा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात गच्चीचे जलरोधन वीस-पंचवीस वर्षे कोणी पाहिले नाही, तर सज्जे पडणारच. अशा इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट केल्याशिवाय ती पाडावी किंवा राखावी असे दोन्हीपैकी काहीही म्हणणे म्हणजे रोग्याला न पाहता औषध लिहून देणे आहे. खांब शाबूत असतील तर दुरुस्ती पाडकामापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. शिवाय जुन्या इमारतीने वापरलेला एफएआर, म्हणजे जमिनीच्या मानाने मंजूर होणारे बांधकामाचे क्षेत्रफळ, आजच्या नियमांत पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून पाडण्यापूर्वी नगरनियोजनाचे कागद पाहावेत.

भाटकारांची सून :
आपण सर्व जण सोळा मालक, सोळा मालक असे म्हणता, पण त्यांतल्या चार सदनिका आमच्या आहेत आणि त्यांत आमचे भाडेकरू बसले आहेत, ही गोष्ट कोणीच बोलत नाही. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याने आम्हांला काय दिले ते ऐका. सासऱ्यांनी ठरवलेल्या भाड्यात आज गॅसचा एक सिलिंडर येत नाही. मूळ भाडेकरू वारला, मुलगा राहू लागला, आता नातवाचे सामान तेथे आहे, आणि त्या नातवाची पर्वरीत स्वतःची सदनिका आहे. आम्ही दावा लावला; सासरे त्याचा निकाल न पाहताच गेले. अशा भाड्यातून गच्चीवर डांबर कोणी घालायचे? इमारत का पडकी झाली, याचे उत्तर येथे आहे. बंगले बांधा नाहीतर मनोरा बांधा, आम्हांला आमची जागा परत द्या.

तळमजला :
सूनबाई, ज्या नातवाबद्दल आपण लिहिता तो मी नाही, पण आपल्या दुसऱ्या सदनिकेत राहणारा भाडेकरू मीच आहे. आपल्या सासऱ्यांनी माझ्या वडिलांकडून घर देताना पागडी घेतली होती, ती रक्कम त्या काळी लहानसहान नव्हती, आणि तिची पावती कधीच मिळाली नाही. मोटार, वायरिंग, न्हाणीची फरशी हे सारे आम्ही आमच्या पैशांनी केले. भाडे वाढवा असे मी स्वतः दोनदा म्हटले. तेव्हा वाढीव भाडे घेतले तर दाव्यात आपली बाजू दुबळी होईल, असे आपल्या वकिलांनी सांगितल्याचे आपणच मला जिन्यात सांगितले होते. हे विसरला असाल तर तसे लिहा.

भाटकारांची सून :
जिन्यातली बोलणी येथे आणायची असतील तर पागडीचे पुरावेही आणावेत. कायदा एवढा प्रिय असेल तर मुंडकारांसाठी, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठी, १९७५ चा वेगळा कायदा आहे, त्यातही आपले नाव बसते का ते पाहून घ्या!

तळमजला :
मी मुंडकार नाही आणि फुकट्याही नाही. आवाज चढवून भिंतीची चीर बुजत नाही.

पेडणेकर :
भाड्याचा वाद दोघांनी पुढे खुशाल चालवावा, तो आणखी एक पिढी चालेल. मला मूळ प्रस्तावावर बोलायचे आहे. मोपाच्या विमानतळाचे २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन झाले आणि आमच्या तालुक्यात ‘स्वतंत्र बंगले’ म्हणजे काय ते आम्ही पाहिले. माझ्या घरासमोर तसे चार आहेत. ख्रिसमसला दिवे लागतात, पावसाळ्यात माळी तेवढा येतो. २०११ च्या जनगणनेतही गोव्यात एक लाखाहून अधिक घरे रिकामी होती, म्हणजे हा आजार विमानतळापेक्षा जुना आहे. चिरेबंदी, तुमचे पाच मालक आपले छप्पर सांभाळतील हे मान्य, पण ते छप्पर दिल्लीहून सांभाळतील. नळाला दाब मात्र खरेच वाढेल, कारण पाणी वापरायला कोणी असणार नाही.

चिरेबंदी :
म्हणजे विकत घेणाऱ्याची कुंडली पाहूनच घर विकावे, असा नवा नियम करायचा का? माझा भाऊ दुबईहून परत येऊ पाहतो, त्याला आईजवळ घर हवे आहे, आणि त्याने बंगल्याचे नाव काढले की तो लगेच परका ठरतो. तरी ठीक आहे. आपण सर्व ज्ञानी एकत्र जमलाच आहात, तर पाच बंगल्यांचा हट्ट मी सोडतो. आहे तेथेच बारा-सोळा घरांची नवी इमारत उभी राहत असेल आणि तिची सेप्टिक टाकी माझ्या विहिरीपासून दूर असेल, तर मी पहिला नारळ फोडीन. फक्त ती होईपर्यंत मी जिवंत असेन, एवढे आपल्यापैकी कोणीतरी लिहून द्यावे.

फोंडेकर :
लिहून देता येत नाही. परंतु अभियंत्यांनी सांगितलेले ऑडिट महिनाभरात करून घेता येईल, आणि तोपर्यंत रस्त्याकडील सज्जांना जाळी लावून घ्यावी. ऑडिटचा खर्च सोळा सदनिकांत वाटावा. सूनबाईंच्या चार सदनिकांचा वाटा मालकांनी द्यावा आणि तो भाडेवाढीच्या वाटाघाटीत धरण्याची तळमजल्याने तयारी दाखवावी.

तळमजला :
माझी तयारी आहे. यावेळी पावती मिळाली पाहिजे.

भाटकारांची सून :
दाव्यातील आमचे हक्क राखून, चार सदनिकांपैकी दोन सदनिकांचा वाटा देऊ. उरलेल्या दोहोंचा वाटा पर्वरीकडून मागवावा.

चिरेबंदी :
जाळीचा खर्च माझ्याकडे मागायला कोणी येऊ नये. तुकडे तुमचे पडतात.