मदत हवी आहे: यूएसबी ड्रायव्हर अनबाइंड केल्यावर (उपकरणापासून सोडवल्यावर) मोकळी झालेली मेमरी वापरली जाते

नमस्कार. आठ सेन्सरांचे तापमान नोंदवणाऱ्या एका यूएसबी उपकरणासाठी मी लिनक्सचा छोटा कॅरेक्टर ड्रायव्हर लिहिला आहे. कर्नल ६.१ असून कॅसन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा कर्नलमधील तपासनीस) चालू ठेवलेला आहे.

या उपकरणाला स्वतंत्र इंटरप्ट एंडपॉइंट (उपकरणाशी माहिती देवाणघेवाणीचा मार्ग) नाही, त्यामुळे आठही आकडे कंट्रोल ट्रान्सफरने, म्हणजे शून्य क्रमांकाच्या एंडपॉइंटवरूनच, मागवावे लागतात. डिलेड वर्कचे (ठरावीक वेळानंतर चालणाऱ्या कामाचे) फंक्शन यूआरबी (यूएसबीवरील माहितीची विनंती) सबमिट करते, यूआरबी पूर्ण झाली की तिचा कंप्लीशन कॉलबॅक तेच वर्क ५० मिलिसेकंदांनंतरसाठी पुन्हा रांगेत लावतो, आणि हे चक्र ड्रायव्हर असेपर्यंत चालू राहते.

सुरुवातीला डिसकनेक्टमध्ये (ड्रायव्हर उपकरणापासून सुटताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) मी आधी वर्क रद्द करत होतो आणि मग यूआरबी थांबवणारे यूएसबी_किल_यूआरबी बोलावत होतो. वीस वेळा केबल ओढली की एखाद-दोन वेळा कॅसनचा यूज-आफ्टर-फ्री (मोकळी झालेली मेमरी वापरल्याचा) अहवाल येई. त्यात मेमरी वाचणारे फंक्शन माझ्या वर्कचे होते, पण ती मोकळी करणाऱ्या स्टॅकमध्ये माझे एकही फंक्शन नव्हते. तिथे डेव्हरेस_रिलीज_ऑल दिसले, कारण मुख्य स्ट्रक्चर मी प्रोबमध्ये (ड्रायव्हर उपकरणाशी जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) डेव्हएम_केझॅलॉकने घेतले आहे, आणि अशी मेमरी ड्रायव्हर सुटताना कर्नल आपोआप मोकळी करतो.

क्रम उलटा करून पाहिला, म्हणजे आधी किल आणि मग रद्द. केबल ओढल्यावर येणारा अहवाल त्याने थांबला, परंतु सिसएफएसमधून (कर्नलच्या नियंत्रण-फाइलींमधून) ड्रायव्हर अनबाइंड-बाइंड करणारी स्क्रिप्ट चालवली, की काही शे फेऱ्यांत एकदा तोच अहवाल परत येतो. डिसकनेक्टच्या शेवटी पॉइंटर नल करून काहीच फरक पडला नाही. १०० मिलिसेकंद झोप घातली तर अहवाल येत नाही, पण तो उपाय दाखवायची मलाच लाज वाटते.

याशिवाय एखाद्या प्रोग्रामने फाइल उघडी ठेवून रीडमध्ये वाट पाहत असताना अनबाइंड केले, तर वेटक्यूच्या (वाट पाहणाऱ्या प्रोग्रामांच्या रांगेच्या) पत्त्यावर वेगळा अहवाल येतो. हे दोन्ही दोष एकच आहेत की वेगवेगळे, आणि योग्य क्रम कोणता, याबद्दल मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १

दोष दोन आहेत, आणि ते एकाच वेळी दुरुस्त करू नका.

पहिला दोष वर्क आणि यूआरबी एकमेकांना जिवंत ठेवतात यातून आला आहे. किल हाती असलेली यूआरबी थांबवते आणि तिचा कॉलबॅक संपेपर्यंत वाट पाहते, पण किल परतल्यानंतर तीच यूआरबी पुन्हा सबमिट करण्याची मुभा राहते. त्याच क्षणी आपले वर्क चालू असेल, तर ते तिला नव्याने सबमिट करते. आपण रद्द करताना वर्क संपण्याची वाट पाहता खरी, पण नवी यूआरबी तोवर वाटेला लागलेली असते आणि तिचा कॉलबॅक स्ट्रक्चर मोकळे झाल्यावर वर्क रांगेत लावतो. केबल ओढल्यावर हे घडत नाही, कारण तेव्हा उपकरणच गेलेले असल्याने सबमिट नाकारले जाते. अनबाइंडच्या वेळी यूएसबी कोअर इंटरफेसचे एंडपॉइंट डिसकनेक्टच्या आधीच बंद करतो, परंतु शून्य क्रमांकाचा एंडपॉइंट चालूच राहतो, आणि आपण नेमका तोच वापरत आहात.

किलच्या जागी यूएसबी_पॉयझन_यूआरबी वापरा. तीही वाट पाहते, पण त्यानंतरचे प्रत्येक सबमिट ईपर्म त्रुटी देऊन नाकारले जाते. त्यानंतर वर्क सिंक पद्धतीने रद्द करा आणि सबमिट फसल्यास वर्कमध्ये फक्त परत फिरा.

दुसरा दोष मालकीचा आहे. डेव्हएमने घेतलेली मेमरी ड्रायव्हर सुटताच जाते, तेव्हा उघड्या फाइली शिल्लक आहेत की नाहीत हे कोणी विचारत नाही. तिथे साधे केझॅलॉक आणि केरेफ (वापरकर्ते मोजणारा संदर्भ-गणक) घ्या. ओपनमध्ये एक संदर्भ वाढवा, रिलीज आणि डिसकनेक्टमध्ये एकेक सोडा, आणि शेवटचा सुटेल तेव्हाच मेमरी मोकळी करा. डिसकनेक्टमध्ये म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप) धरून ‘उपकरण गेले’ अशी खूण ठेवा आणि वेटक्यूवरील सर्वांना जागे करा, म्हणजे रीड ईनोडेव्ह (उपकरण नाही) ही त्रुटी देऊन परतेल. कर्नलच्या स्रोतातील यूएसबी-स्केलेटन ड्रायव्हरमध्ये केरेफची ही मांडणी पाहायला मिळेल.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. पॉयझनने पहिला दोष गेला. दुसऱ्या दुरुस्तीत मात्र मी स्वतःच घोळ घातला. खूण ठेवण्यासाठी घेतलेले म्युटेक्स न सोडताच वर्क रद्द करायला गेलो, आणि वर्कचे फंक्शनही तेच म्युटेक्स घेत असल्याने अनबाइंडची कमांड परतलीच नाही. लॉकडेप (कुलपांचा क्रम तपासणारे कर्नलचे साधन) चालू करताच त्याने दोन्ही ओळींवर बोट ठेवले. आता रद्द करणे म्युटेक्स सोडल्यानंतर होते, आणि फाइल उघडी ठेवून अनबाइंड-बाइंडच्या ५०० फेऱ्या कॅसनच्या एकाही अहवालाशिवाय पार पडल्या आहेत. रीड चालू असताना केबल ओढण्याची चाचणी तेवढी राहिली आहे. ती स्क्रिप्टला जमत नसल्याने उद्या प्रयोगशाळेत हातानेच करीन आणि निकाल इथे लिहीन.