ड्युटी लिस्ट हे शिक्षेचे हत्यार असावे काय? परिचारिकांनीच परिचारिकांच्या केलेल्या छळाविषयी

रातपाळी (धागा सुरू करणारी)

मी नऊ वर्षांपासून एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून काम करते. आमच्या वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या एका मुलीने गेल्या महिन्यात राजीनामा दिला आणि कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' असे लिहिले. तिची अडचण घरात नव्हती, वॉर्डात होती, आणि ती आम्हा सर्वांना ठाऊक होती.

रुजू झाल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात तिने इन्चार्ज सिस्टरना विचारले होते की, इन्सुलिनची बाटली शंभर युनिटची आली आहे, तर ट्रेमधली लाल टोपणाची सिरिंज चालेल का. प्रश्न अगदी योग्य होता. आपल्याकडे इन्सुलिन प्रति मिलिलिटर ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही प्रकारांत मिळते; पहिल्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते आणि दुसऱ्यासाठी नारिंगी टोपणाची. शंभरच्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर रुग्णाच्या शरीरात वीस नव्हे, पन्नास युनिट जातात. तिला उत्तर मिळाले ते असे : "जीएनएमला (नर्सिंगच्या पदविकेला) इतकी वर्षे काय केलेस? तुला पास कोणी केले?" हे शब्द रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि राऊंडला आलेले इंटर्न या सर्वांच्या देखत उच्चारले गेले. पुढच्या ड्युटी लिस्टमध्ये तिला सलग रात्रपाळ्या लागल्या, दोन ऑफ रद्द झाले, आणि ओव्हर देता-घेताना, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवताना, तिच्याशी कामापुरतेही कोणी धड बोलेनासे झाले.

दीड महिन्यानंतर तीच मुलगी शंभरच्या बाटलीतले इन्सुलिन चुकीच्या सिरिंजमध्ये भरून एका आजोबांच्या खाटेशी उभी होती. शेजारच्या रुग्णाचे सलाईन बदलताना माझी नजर तिच्या ट्रेमधल्या लाल टोपणावर गेली, म्हणून पुढचे टळले. शंका होती तर विचारले का नाहीस, असे मी तिला म्हणाले. ती म्हणाली, "ताई, एकदा विचारले होते."

आपल्या व्यवसायात याला 'शिस्त' म्हणण्याची रीत आहे, आणि माझा आक्षेप त्या शब्दाला आहे. रागावणे मला समजते. ज्येष्ठ सिस्टरने रागावू नये, अशी माझी मागणी नाही. मात्र रागाचा प्रसंग संपल्यावर तो ड्युटी लिस्टमध्ये, रजेच्या अर्जावर, गोपनीय अहवालात महिनोन्महिने वसूल केला जातो, त्याला छळ म्हणतात. त्यामुळे ड्युटी लिस्ट महिन्याच्या आरंभी सर्वांना दिसेल अशी लावावी, आणि नंतर बदल केल्यास त्याचे कारण लिहून खाली सही करावी, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते?

निवृत्त परिसेविका

मी चौतीस वर्षे सरकारी सेवेत होते, त्यांपैकी शेवटची अकरा वर्षे परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणून. आपण लिहिलेला प्रसंग वाईट आहे आणि त्या मुलीला उत्तर मिळायलाच हवे होते. तरीही या एका प्रसंगावरून संपूर्ण पिढीला छळ करणारी ठरवणे मला मान्य नाही.

एके रात्री एक नवी मुलगी पोटॅशियम क्लोराईडचे इंजेक्शन सलाईनमध्ये न मिसळता थेट शिरेतून देण्याच्या तयारीत होती. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडले आणि धावत जाऊन तिच्या हातातून सिरिंज हिसकावून घेतली. ते औषध तसे दिले असते तर रुग्णाचे हृदय तिथेच थांबले असते. ती मुलगी रडली, आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि पुढे उत्तम परिचारिका झाली. त्या क्षणी मी मृदू स्वरात समजावत बसले असते तर आज मला झोप लागली नसती.

आपल्या पेशाची कणखर शिस्त कशातून घडली, हेही आठवावे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला, आणि तेव्हापासून मे २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळून असलेल्या रुग्णाच्या अंगावर शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे बदलायचीच, हे हाडीमासी खिळवणाऱ्या कडक सिस्टर होत्या म्हणून ते शक्य झाले.

आणखी एक. इन्चार्जच्या खुर्चीत बसलेल्या बाईला काय सोसावे लागते, ते आपल्या लिखाणात कुठेच आले नाही. फुटलेल्या थर्मामीटरपासून हरवलेल्या चादरीपर्यंत प्रत्येक वस्तूचा हिशेब तिच्या नावावर असतो. डॉक्टर तिच्यावर ओरडतात, अधिसेविका (मेट्रन) मेमो देतात, आणि नातेवाईक तिच्याच अंगावर धावून येतात.

रातपाळी

ताई, आपण सिरिंज हिसकावून घेतली ते योग्यच केले. मीही तेच केले असते. परंतु माझा एक प्रश्न आहे. त्या रात्रीनंतर त्या मुलीला शिक्षा म्हणून सलग रात्रपाळ्या लावल्या होत्या का? आपले लिखाण वाचून वाटते की नसाव्यात. ओरडणे ओरडण्यापाशी संपले आणि नंतर आपण तिला शिकवले असावे. मला जो फरक सांगायचा आहे तो नेमका हाच आहे. आपले ओरडणे रुग्णासाठी होते. आमच्या वॉर्डात जे घडले त्यात रुग्ण कुठेच नव्हता. उलट रुग्ण मरणाच्या दारात जाता जाता वाचला.

अरुणाताईंच्या सेवेपुढे मी नतमस्तक आहे. पण ती सेवा म्हणजे एका सहकारी परिचारिकेला तिच्या सहकारिणींनी दिलेली माया होती. तिचा आधार घेऊन नव्या मुलीच्या अपमानाचे समर्थन व्हावे, हे मला पटत नाही.

परिचारक, लातूर

आपण दोघीही स्वभावाविषयी बोलत आहात आणि मूळ कारण बाजूला राहत आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. मी स्वतः रात्री एकट्याने पन्नासहून अधिक रुग्ण सांभाळले आहेत, तेही खाली गाद्या घालून झोपवलेले रुग्ण वगळून. अशा वेळी नवीन मनुष्य म्हणजे मदत न वाटता ओझे वाटू लागतो, कारण त्याला शिकवायला लागणारी दहा मिनिटे कुणाकडेच नसतात. जागा भरण्याऐवजी बाह्यस्रोतातून भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध राज्यातील सरकारी परिचारिका २०२२ मध्ये संपावर गेल्या होत्या. कायम, बंधपत्रित (ठरावीक काळाच्या बंधपत्रावर नेमलेले) आणि कंत्राटी असे तीन थर एकाच वॉर्डात, एकाच कामासाठी, वेगवेगळ्या पगारावर उभे केल्यावर त्यांच्यात सलोखा कसा राहणार?

खासगी रुग्णालयांत तर वेतनाचीच बोंब आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने, दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी राज्य सरकारच्या परिचारिकांइतके वेतन द्यावे आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते वीस हजारांच्या खाली असू नये, अशी शिफारस केली होती. माझ्या वर्गातील कितीतरी जण आजही त्याहून कमी पगारावर राबत आहेत. इन्चार्ज सिस्टर बदलून हे बदलणार नाही.

रातपाळी

दादा, मनुष्यबळाचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पण आमच्याच इमारतीत, तितक्याच तुटपुंज्या मनुष्यबळावर चालणाऱ्या बालरोग वॉर्डातून कोणी मुलगी रडत बाहेर पडत नाही. तिथल्या इन्चार्ज सिस्टर ओव्हर संपल्यावर नव्या मुलीला पाच मिनिटे थांबवून विचारतात, "आज काय अडले?" तेव्हा जागा भरेपर्यंत काहीच करता येत नाही, असे मी मानणार नाही.

वकील, कोल्हापूर

माझी धाकटी बहीण परिचारिका आहे, त्यामुळे मी हा विषय कायद्याच्या अंगाने तपासला आणि व्यथित झालो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, पण तो शैक्षणिक संस्थांपुरता आहे. म्हणजे नर्सिंगच्या विद्यार्थिनीला त्याचे संरक्षण मिळते आणि तीच मुलगी नोकरीला लागली की ते संपते. मुंबईत वरिष्ठांच्या कथित छळानंतर डॉ. पायल तडवी यांनी मे २०१९ मध्ये केलेल्या आत्महत्येनंतर हा कायदा आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, दोन्हींची कलमे लावली गेली. त्या पदव्युत्तर विद्यार्थिनी होत्या म्हणून रॅगिंगचा कायदा तिथे लागू होऊ शकला. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते, पण ती केवळ लैंगिक छळाची दखल घेते. राज्याचा २०१० चा कायदा वैद्यकीय कर्मचाऱ्यांना हिंसाचारापासून संरक्षण देतो. त्याचा रोख बाहेरून येऊन मारहाण आणि मोडतोड करणाऱ्यांवर आहे. वरिष्ठाने ड्युटी लिस्टमधून केलेल्या छळाला यांपैकी कशातच जागा नाही. कामाच्या ठिकाणच्या सर्व प्रकारच्या छळाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९० क्रमांकाचा करार २०१९ मध्ये संमत झाला आहे, मात्र भारताने त्याला अनुसमर्थन दिलेले नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, तारखा, बदललेल्या पाळ्या आणि साक्षीदारांची नावे वहीत टिपून ठेवावीत. तोंडी तक्रार कुठेही टिकत नाही.

निवृत्त परिसेविका

वकीलसाहेब, आपला हेतू चांगला आहे, पण वॉर्डात प्रत्येक जण दुसऱ्याविरुद्ध वही भरू लागला तर रुग्णांकडे कोण पाहणार? तीस खाटांच्या खोलीत रात्रभर एकमेकींवर विश्वास टाकून काम करावे लागते. तिथे संशय शिरला की काम बंद पडते.

परिचारिका, लीड्स

मी पुण्यात सहा वर्षे काम करून इथे आले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेत, कर्मचाऱ्यांना निर्भयपणे बोलता यावे यासाठीच्या २०१५ च्या फ्रान्सिस अहवालानंतर रुग्णालयांमध्ये एक पालक अधिकारी नेमला जातो, आणि वरिष्ठांना वगळून त्याच्याकडे थेट बोलता येते. याचा अर्थ इथे छळ नाही असा नव्हे. परदेशातून आलेल्या आम्हा मुलींना नाताळच्या सुट्ट्यांत हमखास ड्युटी लागते, आणि उच्चारावरून बोलणी खावी लागतात. पुण्यात असताना आम्हीच केरळच्या मुलींना त्यांच्या मराठीवरून हसत असू, हे मला इथे येऊन आठवले आणि त्याची लाज वाटली. सुझन जो रॉबर्ट्स या अमेरिकी संशोधिकेने १९८३ मध्येच मांडले होते की, ज्यांना वर काही बोलता येत नाही, तो समूह आपला राग आपल्यातल्याच दुबळ्यांवर काढतो. ताईंनी लिहिलेली इन्चार्जची कैफियत वाचताना मला तेच दिसले.

एक गोष्ट मात्र इथून घेण्यासारखी आहे. नव्या परिचारिकेला सुरुवातीचे काही आठवडे वॉर्डाच्या मनुष्यबळाच्या मोजणीत धरत नाहीत. ती एका अनुभवी परिचारिकेच्या जोडीने काम करते. त्या काळात प्रश्न विचारणे हेच तिचे काम मानले जाते.

परिचारक, लातूर

आमच्याकडे हजेरीपत्रकावर सही होताच ती मोजणीत धरली जाते. लीड्सची पद्धत आणायची तर आधी माणसे हवीत, म्हणजे पुन्हा माझाच मुद्दा.

निवृत्त परिसेविका

जोडीने काम करण्याची पद्धत परदेशी नाही. मी १९८० च्या दशकात रुजू झाले तेव्हा महिनाभर एका ज्येष्ठ सिस्टरच्या मागे फिरले होते. त्या कडक होत्या, ट्रॉलीवर एक बोळा वेडावाकडा राहिला तरी पूर्ण ट्रॉली पुन्हा लावायला सांगत. पण माझा एकही प्रश्न त्यांनी अनुत्तरित ठेवला नाही. ही रीत केव्हा मोडली आणि ती मोडण्यात माझ्यासारख्यांचा वाटा किती, याचा मी आज दिवसभर विचार करत होते.

ड्युटी लिस्टच्या बदलांवर लेखी कारण आणि सही, याला मात्र माझा विरोध कायम आहे. सकाळी सहाला तीन मुली आजारी असल्याचा फोन आला की कारणे लिहीत बसायला वेळ नसतो, आणि उद्या त्या कारणांवरूनच राजकारण होईल. लिस्ट आधी लावावी, ऑफ रद्द झाला तर त्याच महिन्यात परत द्यावा, एवढे मी मान्य करते. पण सहीच्या रकान्याने ती मुलगी थांबली असती असे मला वाटत नाही. तिच्या जागी जी येईल, तिला सिरिंज कोण दाखवणार हे आधी ठरवा.

रातपाळी

सहीविषयी आपले म्हणणे मला अजून पटलेले नाही. ज्या बदलाचे कारण लिहायला संकोच वाटतो तोच बदल शिक्षेचा असतो. आजारपणामुळे केलेल्या बदलापुढे 'आजारी' एवढा एक शब्द पुरेसा आहे.

नवीन मुलगी सोमवारी रुजू होत आहे. तिला पहिले दोन आठवडे माझ्याच पाळीत, माझ्या जोडीने लावावे, असा अर्ज मी आज सकाळी इन्चार्ज सिस्टरकडे दिला आणि सोबत बालरोगच्या सिस्टरचीही सही घेतली. त्यांनी अर्ज वाचला, घडी घालून रजिस्टरमध्ये ठेवला, आणि लिस्ट शनिवारी लागेल असे सांगितले.