दहावीनंतर हलणं मेडिकलसाठी महागात पडेल

‘मुलीची दहावी पुण्यात होऊ द्या, मग सगळे बेंगळुरूला हला’ असा सल्ला पुण्याहून बेंगळुरूला जाऊ पाहणाऱ्या कुटुंबाला दिला जातो; मेडिकलचा विचार असेल तर तो कृपया मानू नका. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांच्या ८५ टक्के कोट्याला (राज्यातल्या मुलांसाठीच्या जागांना) डोमिसाईल, म्हणजे राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला, लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातूनच व्हावी लागतात (सरकारी नोकरांच्या मुलांना बदलीची काही सवलत आहे). कर्नाटकाच्या मुख्य नियमाप्रमाणे पहिली ते बारावीतली किमान ७ वर्षं तिथे काढलेली हवीत. अकरावीत गेलेलं मूल दोन्हीकडे अडकतं. हाती राहतो १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा, एम्ससारख्या संस्था, नाहीतर खाजगीची भरमसाट फी. सहावीच्या सुरुवातीला गेलात तर ७ वर्षं जेमतेम भरतात.

इंजिनिअरिंगला आई किंवा वडिलांचं महाराष्ट्राचं डोमिसाईल चालतं. ते पुणे सोडण्याआधीच काढून ठेवा, नंतर रहिवासाचे पुरावे जमवणं जड जातं.