मदत हवी आहे: विद्यापीठ की स्टेडियम, सरकारी पैशाचा हिशेब नेमका कुठे बघायचा? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

आमच्या पेठेतल्या मंडळाने यंदा व्याख्यानमालेला बाहेरचा वक्ता आणायचा नाही, घरचेच बोलायचे असं ठरवलं आणि 'सरकारी पैसा आधी कुणाला, विद्यापीठाला की स्टेडियमला?' हा विषय माझ्या गळ्यात पडला. विद्यापीठाची बाजू मी मांडायची. स्टेडियमची बाजू आमच्या टीमचा जुना गोलकीपर मांडणार, तो आता वकिली करतो. समोर बसणारे निम्मे लोक शाहू स्टेडियमच्या गॅलरीत फुटबॉलच्या मॅचला घसा बसेपर्यंत ओरडणारे. त्यांच्यापुढे 'शिक्षण हेच खरं धन' सुरू केलं तर पाचव्या मिनिटाला शिट्ट्या पडतील. हिशेबच हवा. तो जमवताना कुठं अडलोय ते लिहितो, जाणकारांनी हात द्यावा.

आधी हाताशी आहे ते सांगतो. या वादाचं सगळ्यात बोलकं उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथं सिटी युनिव्हर्सिटी नावाचं विद्यापीठ आहे, त्या काळी ते मुख्यतः शहराच्या पैशावर चालायचं. त्याचं मूळ १८४७ सालच्या फ्री अकॅडमीत, आणि तेव्हापासून शहरातल्या पोरांना दिवसाच्या पदवी वर्गांना फी नव्हती. १९७० मध्ये तर शहरातून हायस्कूल पास झालेल्या प्रत्येकाला दार उघडलं. त्याच सुमारास यांकीज या बेसबॉल संघाचं यांकी स्टेडियम मोडकळीला आलेलं. संघ गाव सोडून जाईल या धास्तीने शहराने ते ताब्यात घेतलं आणि जवळजवळ नव्याने बांधलं. सुरुवातीचा अंदाज २ कोटी ४० लाख डॉलरचा, काम संपेस्तोवर आकडा १० कोटींच्या घरात. मध्येच १९७५ मध्ये शहराचं दिवाळं निघायची वेळ आली. एप्रिल १९७६ मध्ये स्टेडियम थाटात उघडलं. मेअखेर विद्यापीठाकडे पगाराला पैसे उरले नाहीत म्हणून दोन आठवडे कुलूप लागलं. आणि त्याच वर्षी, १२९ वर्षांत पहिल्यांदा, फी सुरू झाली.

टाळ्यांसाठी एवढं पुरेल. पण गोलकीपर उठून विचारणार, "स्टेडियम बांधलं नसतं तर फी टळली असती का?" प्रामाणिक उत्तर, नाही. शहराच्या डोक्यावर अब्जावधी डॉलरचं कर्ज होतं, त्यात स्टेडियम म्हणजे किरकोळ. शिवाय स्टेडियम झालं कर्ज काढून, भांडवली म्हणजे बांधकामाच्या खात्यातून. प्राध्यापकांचा पगार महसुली म्हणजे रोजच्या खर्चाच्या खात्यातून. न्यूयॉर्कने वर्षानुवर्षे रोजचा खर्चसुद्धा भांडवली खात्यात ढकलून त्यावर कर्ज उचललं होतं, आणि शेवटी तेच अंगाशी आलं.

आता आपल्याकडे या. शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ ला डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं. ते कोल्हापुरात असलं तरी कोल्हापूर शहराचं नाही. आज कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे त्यात येतात. मंजूर पदांचे पगार राज्य सरकार देतं. बाकी परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, विनाअनुदानित कोर्सची फी, यूजीसीचं काही, आणि २०१३ पासून रुसा ही केंद्राची उच्च शिक्षणाची योजना, २०२३ पासून तिच्या जागी पीएम-उषा, ज्यात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के घालतं. महापालिकेचा यात हात नाही. महापालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं आहेत, त्यात प्राथमिक शाळा आहे, विद्यापीठ नाही. मैदानं, क्रीडांगणं कलम ६६ मध्ये, म्हणजे ऐच्छिक. शाहू स्टेडियमचा कारभार केएसएकडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे. सरकारी क्रीडा संकुलं राज्याच्या क्रीडा खात्याची. वरून जिल्ह्याचा निधी वाटणारी जिल्हा नियोजन समिती, जिला लोक अजून डीपीडीसीच म्हणतात.

इतके वेगवेगळे खिसे असताना उद्या एखाद्या गॅलरीचं काम थांबवलं म्हणून ते पैसे विद्यानगरला, म्हणजे विद्यापीठात, पोचतात असं काही नाही. तरी दर निवडणुकीत प्रश्न असाच विचारला जातो, जणू एकच गल्ला आहे.

मला वाटतं भेग दुसरीकडे आहे. पैसा मिळतो तो बांधायला. चालवायला मिळत नाही. विद्यापीठ काय आणि मैदान काय, दोघांची रड एकच. माझी वहिनी एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबाने पैसे घेऊन, शिकवते. प्रत्येक तासाला रजिस्टरमध्ये वर्ग, वेळ, शिकवलेला भाग लिहायचा, विभागप्रमुखाची सही घ्यायची, महिन्याचं बिल वर पाठवायचं. पैसे येतात ते काही महिने साठून एकदम. ज्या इमारतीत ती शिकवते तिथं नवी लिफ्ट आहे. आमच्या भागातल्या मैदानाचंही तेच. गॅलरीला नवा रंग, उद्घाटनाची संगमरवरी पाटी, आणि बाथरूमला कुलूप, कारण साफ करायला माणूस नेमलेला नाही. मॅचच्या दिवशी फक्की मारायला पोरं आपली आपण येतात.

तर विचारायचं हे. राज्याच्या बजेटमध्ये बांधकामाचा आणि रोजच्या खर्चाचा पैसा शिक्षण आणि क्रीडा या दोघांसाठी वेगवेगळा कुठे दिसतो? विद्यापीठाचं स्वतःचं बजेट सामान्य माणसाला वाचता येतं का? आणि स्टेडियममुळे गावाचा धंदा वाढतो म्हणतात, त्याला काही आधार आहे का? गोलकीपर हा मुद्दा काढणारच.

लिंक नसली तरी चालेल, कुठल्या कागदात बघायचं तेवढं सांगा.

हिशेबनीस

धागाकर्ते, लेखाशीर्ष (बजेटमध्ये प्रत्येक प्रकारच्या खर्चाला दिलेला क्रमांक) पकडा, सगळं सोपं होईल. बजेटच्या पुस्तकात २२०२ म्हणजे सामान्य शिक्षण, २२०४ म्हणजे क्रीडा व युवक सेवा. हे दोन्ही महसुली, म्हणजे पगार, अनुदान, शिष्यवृत्ती, चालू खर्च. बांधकाम बघायचं तर ४२०२. आणि तुमच्या भाषणाला कामाची गोष्ट इथंच आहे: ४२०२ हे शीर्ष शिक्षण, क्रीडा, कला आणि संस्कृती या सगळ्यांच्या भांडवली खर्चाला मिळून एकच आहे. वर्गखोली आणि प्रेक्षक गॅलरी एका शीर्षाखाली बसतात, फक्त खालची उपशीर्षं वेगळी.

'बजेटमध्ये तरतूद झाली' यावर जाऊ नका. तरतूद, वितरण आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन आकडे असतात. बीम्स या राज्य सरकारच्या निधीवाटपाच्या वेबसाइटवर वितरण दिसतं. मार्चमध्ये तिथं काय गर्दी होते ते एकदा बघाच.

विद्यापीठाचं बजेट मार्चच्या आसपास अधिसभेपुढे येतं आणि छापील असतं. त्यात पगार अनुदान एकीकडे, स्वनिधी दुसरीकडे. स्वनिधीतून किती कंत्राटी माणसं पोसली जातात ते बघा. मंजूर पद रिकामं राहिलं की त्याचं पगार अनुदान येतच नाही, म्हणजे रिक्त पद ही सरकारची बचत. उलट पीएम-उषाचा पैसा मुख्यतः इमारती, दुरुस्ती आणि उपकरणं यांच्यावर जातो. तुम्ही म्हणता ती भेग अगदी इथं दिसेल.

नसेल मिळत तर माहिती अधिकारात टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, तेव्हा विद्यापीठ आणि मैदान एका अर्जात कोंबू नका, पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीसाठी वेगळा अर्ज करा म्हणतील.

गल्लीतला_फॉरवर्ड

भावा, न्यूयॉर्क लांब ऱ्हायलं. शाहू महाराजांचं काढ की. १९०१ ला मराठा बोर्डिंग, मग एकेका समाजाची बोर्डिंगं, १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. आणि ह्याच माणसानं १९१२ ला खासबाग मैदान उभं केलं. त्यांना कुणी इचारलं न्हाई, "महाराज, आधी बोर्डिंग की आधी आखाडा?" आखाड्यात पैलवान नुसता उतरवला न्हाई, त्याच्या खुराकाची सोय लावली. तुझा चालवायच्या पैशाचा मुद्दा त्यातच आला बघ.

आन् विद्यापीठवाल्यांना एकच सांग, तुमचंबी ग्राउंड हाय, ते संध्याकाळी पेठेतल्या पोरांना उघडा.

पुण्यातली_करवीरकर

धंदा वाढतो का, यावर थोडं लिहिते. अमेरिकेत यावर भरपूर अभ्यास झालाय. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबलिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात बरीच स्टेडियमं तपासली. सरकारी पैसा ओतल्यावर गावाचं उत्पन्न त्या प्रमाणात वाढलंय असं त्यांना कुठे सापडलं नाही. कारण साधं आहे. मॅचला गेलेला माणूस तिथं जो पैसा खर्चतो तो एरवी सिनेमाला नाहीतर हॉटेलात खर्चला असता. गावातला पैसा गावातच जागा बदलतो. बाहेरगावचा प्रेक्षक मुक्कामाला आला तरच नवा पैसा येतो. आपल्याकडे गॅलरीतली माणसं कुठून येतात? शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, फार तर कसबा बावडा. भडंगवाल्याचा धंदा होईल, पण त्यावर कोट्यवधींचं बांधकाम पटवून देता येणार नाही.

पण दादा, हाच अभ्यास तुम्ही विद्यापीठाच्या बाजूने वापराल तर सांभाळून. तिकडचा राग मुख्यतः यावर आहे की लोकांच्या करातून स्टेडियम बांधायचं आणि कमाई संघाच्या श्रीमंत मालकाने न्यायची. आपल्या पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल टीमला असा मालकच नाही. बूट, जर्सी, प्रवास, सगळं वर्गणीतून. त्यामुळे 'सरकार धनदांडग्यांना पोसतंय' हे कोल्हापूरच्या फुटबॉलला लागू होत नाही, आणि पेठेत कुणी ऐकूनही घेणार नाही. मैदान हे बागेसारखं किंवा वाचनालयासारखं मागावं, कमाईची आशा न दाखवता. मी तुमच्या जागी असते तर प्रतिपक्षाला हे आधीच देऊन टाकलं असतं.

कर्जाचं उदाहरण हवं असेल तर माँट्रियल बघा. १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमचं कर्ज फिटायला २००६ उजाडलं. त्यासाठी सिगारेटवर खास कर होता.

सागरमाळ

खाशाबा जाधव विसरलात काय? राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी पैसे दिले. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक त्यातून आलं. विद्यापीठ विरुद्ध स्टेडियम म्हणणाऱ्याने आधी हे सांगावं की ते पदक कुणाच्या खात्यात धरायचं.

हिशेबनीस

@सागरमाळ, गोष्ट मोठीच आहे, पण ती धोरण म्हणून सांगू नका. प्राचार्याला घर गहाण टाकावं लागलं ही त्या वेळच्या व्यवस्थेची लाज आहे. आजही आपण वर्गणी आणि गहाणवटीवरच टाळ्या वाजवतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ४२०२ चा मुद्दा तर सोनं आहे. ताईंचं म्हणणं पटलं, मालक असलेला संघ आणि वर्गणीवर चालणारी टीम हा फरक मीच आधी सांगून टाकतो. मग गोलकीपरला तिथं गोल मारायला जागाच उरत नाही. खाशाबांचं मात्र समोरच्यासाठी सोडतो, त्याच्याकडे तेच असणार.

माझी मांडणी आता अशी: आधी न्यूयॉर्क, पण फी स्टेडियममुळे लागली असं न म्हणता, मग खिसे, आणि शेवटी सरळ मागणी, की या शहरात कुठलंही नवं बांधकाम मंजूर करताना, लायब्ररी असो नाहीतर गॅलरी, पुढच्या दहा वर्षांचा पगार आणि देखभालीचा पैसा कोण देणार हे त्याच कागदावर लिहिलेलं असावं. ही अट कुठल्या राज्यात किंवा शहरात लेखी आहे का? माहीत असेल तर जरूर लिहा.

गोल_नंबर_एक

धागा पहिल्यापासून वाचतोय. नाणेफेक मी जिंकली तर ४२०२ मीच आधी मांडणार. आणि तुझी ती मागणी माझ्याही भाषणात आहे, फक्त मी ती मैदानासाठी मागतोय. बाथरूमच्या कुलपाचा फोटो माझ्याकडे आहे, तुला हवा तर पाठवतो.

धागाकर्ता

फोटो पाठव. आणि माहिती अधिकाराचे दोन अर्ज लिहून ठेवलेत, मैदानाचा तुझ्या नावाने टाकतो. स्टॅम्पचे दहा रुपये तू भर, वकील आहेस.