युनिव्हर्सिटीचं अंडरग्रॅड रिसर्च जर्नल काढायचंय, त्यामागे नक्की कोणकोण लागतं?

टीवाय_मायक्रो:
नमस्कार सगळ्यांना. मी टीवाय बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे, विद्यापीठाच्या कॅम्पसवरच. पुढच्या वर्षी आमच्याकडे ऑनर्स विथ रिसर्चची पहिली बॅच बसणार, म्हणजे पहिल्या सहा सेमिस्टरला ज्यांना ७५ टक्के आहेत ती मुलं चौथ्या वर्षाला रिसर्च प्रोजेक्ट करणार, आणि त्यावरून विद्यापीठाचं फक्त अंडरग्रॅड मुलांचं असं एक रिसर्च जर्नल काढायचं ठरलंय. मॅडमनी मला आणि अजून चौघांना बोलावून सांगितलं की विद्यार्थी संपादक मंडळ तुम्हीच, पंधरा दिवसांत काय ते ठरवून या. मला मनापासून करायचंय हे. पण आत्तापर्यंत तीन मीटिंग झाल्या आणि तिन्हीत कव्हर, लोगो, आयएसएसएन (जर्नलचा नोंदणी क्रमांक) आणि कोणाला कुठलं पद एवढंच बोलणं झालं. सल्लागार मंडळात सरांची-मॅडमांची मिळून एकवीस नावं जमलीत, पण निबंध आला की तो पहिल्यांदा उघडून वाचणार कोण, हे अजून कोणी बोललेलंच नाही. नोटीस लावली, 'जर्नलसाठी नावे द्या', तर एसवायच्या मुली प्रॅक्टिकलचं जर्नल सर्टिफाय करायची तारीख बदलली का म्हणून विचारायला आल्या, म्हणजे हा प्रकार आमच्याकडे किती नवीन आहे बघा. कोणी असं काम केलंय का? किती माणसं लागतात, कोणी काय करायचं, सर लोकांकडे किती आणि आमच्याकडे किती? जरा सविस्तर सांगा प्लीज.

कृष्णाकाठ:
मी केलंय, तीन अंक, बीएस्सीची शेवटची दोन वर्षं. आधी एक सांगतो, पदं बाजूला ठेवा आणि कामं मोजा. निबंध आला की पोच देणारा एक जण, पहिलं वाचन करणारे दोघं, रिव्ह्यूअरच्या, म्हणजे निबंध तपासून देणाऱ्या जाणकार प्राध्यापकांच्या, मागे लागणारा एक, रिव्ह्यूअरचं म्हणणं लेखकाला समजेल अशा भाषेत कळवणारा एक, आणि शेवटी आकडे, टेबलं, संदर्भ तपासून मांडणी करणारे दोघं. सात-आठ जणांत होतं. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम पहिल्या वाचनाचं, आणि तेच कोणाला नको असतं कारण त्यात नाव कुठेच दिसत नाही.

एक उदाहरण देतो. आमच्याकडे एका मुलीचा निबंध आला होता, तिच्या गावच्या विहिरींचं पाणी, टीडीएस, हार्डनेस, नायट्रेट वगैरे. साधंच काम, पण मनापासून केलेलं. वर लिहिलेलं २४ विहिरी आणि टेबलात ओळी २३. दोन रिव्ह्यूअरनी वाचला, दोघांच्याही नजरेतून सुटलं. आमच्या टीममधली एक एसवायची मुलगी रात्री स्केल लावून ओळी मोजत बसली होती तिला ते सापडलं. मग तिने लेखिकेला फोन केला, मेल नाही, फोन. तर कळलं की चोविसावी विहीर एप्रिलपर्यंत होती, मे महिन्यात आटली, रीडिंग मिळालं नाही म्हणून हिने ती ओळच उडवली. हिला वाटलं अर्धवट रीडिंग दाखवलं की मार्क जातील, कारण प्रॅक्टिकलला आपण सगळे तेच शिकतो ना, रीडिंग चुकलं की खोडून टाका. आम्ही म्हटलं ती विहीर परत टाक, जिथे आकडा नाही तिथे आकडा नाही असं लिही आणि का नाही ते एका वाक्यात सांग. तिने लिहिलं. आणि मग कारण शोधायला परत गावात गेली, शेजारच्या दोन शेतांत त्याच वर्षी नवीन बोअर मारलेली होती, तेही चर्चेच्या भागात आलं, 'यामुळेच आटली' असा दावा न करता. अख्ख्या निबंधातला सगळ्यात वाचण्यासारखा परिच्छेद तोच झाला.

हे काम करणारी मुलगी आमच्या अंकावर 'संपादन साहाय्य' या खाली चौथं नाव होती. माझ्या मते तीच त्या अंकाची संपादक होती. तुमच्याकडे असं कोण आहे ते आधी शोधा, आणि ती व्यक्ती टॉपरच असेल असं धरून चालू नका.

जुना_मास्तर:
बाळ, मी शिकवणाऱ्यांच्या बाजूने सांगतो, मी अशा जर्नलसाठी रिव्ह्यूही केलेत आणि एका अंकाचा फॅकल्टी एडिटरही होतो. एकवीस सल्लागार ठेवा नाहीतर एकेचाळीस, काम करणारे तीन असतात. मंडळात नाव घालताना प्रत्येकाला स्वच्छ विचारा की वर्षाला दोन निबंध तपासून देणार का, जे हो म्हणतील त्यांनाच घ्या. आणि वेळ सांभाळा. मार्च-एप्रिलमध्ये, नाहीतर ऐन परीक्षांनंतर रिव्ह्यूला पाठवलंत तर काही येणार नाही, आम्ही सगळे कॅपला, म्हणजे परीक्षेच्या मध्यवर्ती तपासणी केंद्रावर, पेपर तपासत बसलेलो असतो. दिवाळीची सुट्टी संपली की लगेच पाठवा, तीन आठवड्यांची मुदत द्या, पंधराव्या दिवशी आठवण करा. फोन केलात तरी चालेल, आम्हाला राग येत नाही.

आयएसएसएनचं फार मनावर घेऊ नका. तो दिल्लीतल्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो, त्याला फी लागत नाही, आणि तो फक्त ओळख क्रमांक आहे, त्याने जर्नल चांगलं की वाईट हे ठरत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे आयएसएसएन छापला की मान्यता मिळाली असा समज पसरला आणि त्याच्या जिवावर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांची दुकानं उभी राहिली. पुण्यातल्या भूषण पटवर्धन सरांच्या गटाने २०१८ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात हे मांडलं होतं, विद्यापीठांनी सुचवून यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्य जर्नलांच्या यादीत आलेली हजारावर जर्नलं त्यांनी तपासली आणि त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त कमी दर्जाची असावीत असं निघालं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने यादीतून ४३०५ जर्नलं काढली. नंतर त्या जागी यूजीसीचीच केअर नावाची नवी यादी आली, तीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. मी हे बघत आलोय आणि मला त्याचा अजून त्रास होतो, कारण माझ्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनी घरून पैसे आणून असे निबंध 'छापून' आणलेत, एकानेही ते वाचले नव्हते, छापणाऱ्यानेही नाही. तुमच्या जर्नलने लेखकाकडून एक रुपया घेऊ नये. सॉफ्टवेअरला खर्च नाही, ओपन जर्नल सिस्टिम्स हे जर्नल चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरला सांगा सर्व्हरवर बसवून द्यायला.

आणि गाईडचं नाव. प्रत्येक निबंधाबरोबर गाईडची लेखी संमती घ्या आणि कोणी काय काम केलं हे लेखकाकडून दोन ओळींत लिहून घ्या. भांडणं निबंध छापून आल्यावर होतात, आधी नाही.

कॉव्हेंट्री_मुक्काम:
मी इंग्लंडमधल्या वॉरिक युनिव्हर्सिटीत मास्टर्स केलं. तिथे रीइन्व्हेन्शन नावाचं अंडरग्रॅड मुलांचं जर्नल आहे, २००७ पासून, पुढे ऑस्ट्रेलियातली मोनाश युनिव्हर्सिटी सोबत आली, वर्षाला दोन अंक निघतात. मी टीममध्ये नव्हतो पण माझा फ्लॅटमेट होता, त्यामुळे जवळून बघितलं. त्यात इतिहास, समाजशास्त्र, गणित सगळं एकत्र येतं, म्हणून लेखकाला सांगतात की विषयाबाहेरच्या वाचकाला कळेल असं लिही. माझा फ्लॅटमेट इंग्लिश लिटरेचरचा आणि टेबलावर निबंध सायकॉलॉजीचा असायचा. आधी मला ते विचित्र वाटायचं, पण त्याला जे कळायचं नाही तिथे तो पेन्सिलने रेघ मारायचा आणि बहुतेक वेळा लेखकानेही तिथेच गोंधळ घातलेला असायचा. तुमच्या पाच जणांत निदान एक जण आर्ट्सचा किंवा कॉमर्सचा घ्या.

अमेरिकेत हे जुनं आहे. एमआयटीत मार्गारेट मॅकव्हिकर बाईंनी १९६९ ला अंडरग्रॅड मुलांना प्रोफेसरांच्या लॅबमध्ये घेण्याची योजना चालू केली, १९८७ ला अ‍ॅशव्हिलला अंडरग्रॅड रिसर्चची पहिली राष्ट्रीय परिषद झाली. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने २०१२ पासून कॉलेजांना इनोव्हेशन प्रोजेक्ट दिले आणि त्यातून २०१५ ला स्वतःचं अंडरग्रॅड जर्नल काढलं. दिल्लीचा क्रम बघा, आधी मुलांच्या हातात काम आणि पैसे दिले, मग जर्नल. तुमच्याकडे यंदा किती प्रोजेक्ट चालू आहेत त्याची यादी आधी विभागांकडून आणा, नाहीतर टीम तयार आणि निबंध दोन असं होईल.

टीवाय_मायक्रो:
सर, दादा, सगळ्यांचे खूप आभार, तुमची उत्तरं मी मॅडमना प्रिंट काढून दाखवली. विहिरीचं वाचून आमच्या ग्रुपमध्ये सगळे गप्पच झाले, कारण आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ओळी उडवल्यात. आता दोन गोष्टी विचारायच्यात. आपल्याच वर्गातल्या मुलाला नकार कसा कळवायचा? आणि निबंध मराठीत घ्यायचे का? काही सर म्हणतात दर्जा जाईल.

प्रूफवाली_ताई:
मी मुद्रितशोधन करते, आधी कॉलेजच्या अशाच जर्नलमध्ये होते, तिथूनच या कामाची गोडी लागली. नकाराचं सांगते. वर्गातल्या मुलाचा निबंध त्याच वर्गातल्या संपादकाकडे द्यायचाच नाही, दुसऱ्या विभागातल्याकडे द्यायचा, आणि रिव्ह्यूअरकडे जाताना नाव काढून. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये नाव राहतं, तेही काढा, आमचं एकदा तसंच गेलं होतं. संपादकाचा स्वतःचा निबंध असेल तर त्या अंकापुरतं त्याने बाजूला व्हायचं. आणि नकाराच्या पत्रात 'दर्जा नाही' असं लिहू नका. एका मुलाने हॉस्टेलमधल्या चाळीस जणांना प्रश्नावली देऊन सगळ्या महाराष्ट्रातल्या तरुणांबद्दल निष्कर्ष काढला होता. रिव्ह्यूअरने एका ओळीत 'नमुना अपुरा' लिहून परत केलं. आम्ही त्या एका ओळीचं पानभर पत्र केलं, की हे चाळीस जण कोण, कुठल्या जिल्ह्यांतले, शीर्षकात फक्त 'आमच्या हॉस्टेलमधले विद्यार्थी' म्हटलंस तर तुझ्या आकड्यांतून काय काय म्हणता येईल. सहा महिन्यांनी त्याच मुलाने नवा निबंध पाठवला आणि तो छापला. ते पत्र लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या, आणि मला विचाराल तर जर्नलमधलं सगळ्यात मानाचं काम ते.

मराठीबद्दल माझं ठाम मत आहे, घ्याच. निदान प्रत्येक निबंधाचा सारांश तरी मराठीत हवा आणि तो लेखकानेच लिहायचा, मशीनवर भाषांतर करून नाही. दर्जा भाषेने जात नाही, तपासणाऱ्याने नीट न वाचल्याने जातो. इतिहास, लोकसाहित्य, शेती या विषयांवर तर मराठीत परीक्षण करणारे उत्तम प्राध्यापक मिळतील. कृष्णाकाठ म्हणतायत त्या विहिरींच्या मालकांना तो निबंध वाचता आला का, हे मला खरंच विचारावंसं वाटतंय.

कृष्णाकाठ:
नाही आला ताई. निबंध इंग्रजीत होता. तिने एका पानावर मराठीत लिहून ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलं, पण ते तिचं तिने केलं, जर्नलने नाही. आम्हाला सुचायला हवं होतं.

टीवाय_मायक्रो, अजून एक राहिलं. तुम्ही टीवाय म्हणजे दहा महिन्यांत बाहेर. आमचं जर्नल तिसऱ्या अंकानंतर दोन वर्षं बंद पडलं, कारण आम्ही सगळे एकाच बॅचचे होतो आणि जर्नलचा मेल आयडी एकाच्या खासगी नंबरला जोडलेला. तो नोकरीला बाहेर गेला, नंबर बदलला, ओटीपी येईना, आणि आत अकरा निबंध पडून होते, लिहिणारी मुलं वाट बघत होती. त्यातल्या काहींना शेवटपर्यंत उत्तर गेलं नाही. तेव्हा पाचातले निदान दोन एफवायचे घ्या, रिव्ह्यूअरची यादी आणि आलेल्या प्रत्येक निबंधाची तारखेसकट नोंद एका वहीत किंवा शीटमध्ये ठेवा, आणि मेल आयडी विभागाच्या नावाने काढा, जमलं तर उद्याच, कव्हरच्या आधी.

टीवाय_मायक्रो:
दादा, मेल आयडी माझ्याच नंबरवर काढलाय परवा. उद्या सकाळी ऑफिसमध्ये जाऊन बदलून घेते. एफवायच्या दोघींशी बोलले, एक जण हो म्हणाली, तिला विचारलं टेबलातल्या ओळी मोजशील का, तर म्हणाली आत्ता एखादा निबंध असेल तर द्या.