एडिटरमध्ये पहिला महिना एकही एक्स्टेन्शन नको!

अर्धविराम (धागाकर्ता)

टीममध्ये नवीन कुणी आलं की पहिल्या दिवशी व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर टाकतं आणि दुसऱ्या दिवशी 'ही वीस एक्स्टेन्शन हवीतच' छापाची यादी बघून ते सगळे जोडप्रोग्राम भरून मोकळं होतं. एवढं करून फाइल उघडायची तर डावीकडचे फोल्डर एकेक करून उलगडत बसतं. कंट्रोल-पी दाबून नावातली तीन-चार अक्षरं टाकली की फाइल समोर येते, हे सहा महिन्यांनीही माहीत नसतं.

माझं म्हणणं, पहिला महिना कोरा एडिटर वापरा. कंट्रोल-पीच्या त्याच चौकटीत @ टाकलं तर चालू फाइलमधली फंक्शनं दिसतात, कोलन (:) आणि आकडा टाकला तर थेट त्या ओळीवर जाता येतं. शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल-डी दाबत राहा, तोच शब्द पुढे जिथे असेल तिथे आणखी एक कर्सर येतो. आल्ट आणि वरचा बाण दाबला की ओळ उचलून वर जाते, कट-पेस्ट नको. एफ२ने व्हेरिएबलचं नाव बदललं तर ते जिथे खरोखर वापरलंय तिथेच बदलतं. शोधा-बदला केलं की कमेंटमधले शब्दही बिघडतात. काहीच आठवलं नाही तर कंट्रोल-शिफ्ट-पी, सगळ्या कमांडची यादी येते. तिथे कमांडच्या शेजारी तिचा शॉर्टकट लिहिलेला असतो, मी निम्मे शॉर्टकट तिथे बघूनच शिकलो. (मॅकवाल्यांनी कंट्रोलच्या जागी कमांड वाचावं.)

रिकामी ओळ

ठार असहमत. तुमचं ते एफ२ कोऱ्या व्हीएस कोडमध्ये पायथन भाषेच्या फाइलवर चालवून दाखवा, मग बोलू.

जावास्क्रिप्ट आणि टाइपस्क्रिप्टची समज त्यात मुळातच असते. पायथन, गो, रस्ट यांच्यासाठी एक्स्टेन्शन घ्यावंच लागतं. हे नाव कुठे ठरलं, कुठे कुठे वापरलं, हे एडिटर स्वतः ओळखत नाही, मागे चालणारा लँग्वेज सर्व्हर त्याला सांगतो. पूर्वी दहा भाषा आणि दहा एडिटर असतील तर शंभर वेगवेगळ्या जोडण्या लिहाव्या लागायच्या. २०१६मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटर आणि सर्व्हरने बोलायची ठरलेली पद्धत) खुला झाला तेव्हापासून भाषेचा सर्व्हर एकदा लिहिला की तो व्हिम, इमॅक्स, व्हीएस कोड अशा सगळ्या एडिटरांत चालतो. एवढी सोय हाताशी असताना नवख्याला महिनाभर उपाशी का ठेवायचं?

अर्धविराम

भाषेचं एक्स्टेन्शन सोडून, असं लिहायला हवं होतं. मान्य. माझा राग बाकीच्यांवर आहे: तीन रंगसंगती, दोन आयकॉनसंच आणि खालच्या कोपऱ्यात पळणारं मांजर.

रिकामी ओळ

मांजराला मध्ये आणू नका.

जुना टर्मिनल

आपण दोघेही चुकीच्या जागी भांडत आहात. खरी गुंतवणूक कळांमध्ये आहे. व्हिम ज्यावरून आला तो व्हीआय १९७६चा. बिल जॉय यांनी तो ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर लिहिला, त्याच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून आजही व्हिममध्ये कर्सर त्याच कळांनी फिरतो. अवतरणचिन्हांतला मजकूर बदलायचा असेल तर सी, आय आणि अवतरणचिन्ह अशा तीन कळा. कर्सर त्या मजकुरात कुठेही असो. तोच बदल दुसरीकडे हवा असेल तर तिथे जाऊन फक्त टिंब दाबायचे. रात्री दोन वाजता सर्व्हरवर शिरून कॉन्फिग (सेटिंगची फाइल) दुरुस्त करायची वेळ येते तेव्हा तिथे आपला सजवलेला एडिटर नसतो, व्हीआय बहुधा असतो.

ॲटम नावाच्या एडिटरवर ज्यांनी वर्षानुवर्षे सेटिंग रचली, त्यांचा एडिटर डिसेंबर २०२२मध्ये बंद झाला. माझी बोटे मात्र तीच आहेत.

शांत कर्सर

टर्मिनलकाका, आदर आहे, पण टाइप करायला वेळ लागला म्हणून माझं काम कधीच अडलं नाही. अडतं ते दुसऱ्याचा कोड समजून घेताना. दिवसभरात मी लिहिते थोडं आणि वाचते ढीगभर. त्यामुळे मला विचाराल तर सगळ्यात कामाच्या कळा तीन. एफ१२ने नावाच्या व्याख्येवर जा, शिफ्ट-एफ१२ने ते नाव कुठे कुठे वापरलंय ते बघा आणि विंडोजवर आल्ट-डावा बाण दाबून होतात तिथे परत या. ही तिसरी कुणी सांगतच नाही! लोक चार व्याख्या खोल जातात आणि मग आपण निघालो कुठून हेच शोधत बसतात.

जुना टर्मिनल

व्हिममध्ये परतीसाठी कंट्रोल-ओ आहे. फार पूर्वीपासून.

शांत कर्सर

माहीत होतं, हे येणारच.

कंसातला

एक्स्टेन्शनवरून आठवलं. सेव्ह केल्यावर कोड आपोआप फॉरमॅट होणारी (मोकळ्या जागा, ओळी नीट लावणारी) सेटिंग मी उत्साहात चालू केली आणि जुन्या प्रोजेक्टमध्ये एका ओळीचा बग दुरुस्त केला. रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्याच्या तपासणीला, गेले ते सहाशे ओळींचे बदल. रिव्ह्यू करणाऱ्याने काय लिहिलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून ती सेटिंग बंद. लोक डोळे झाकून ती चालू करा म्हणतात, त्यांनी जुना कोड बघितलेला नसतो.

रिकामी ओळ

बंद कशाला? 'फॉरमॅट ऑन सेव्ह मोड' ही सेटिंग 'मॉडिफिकेशन्स'वर ठेवा, मग फक्त तुम्ही हात लावलेल्या ओळी फॉरमॅट होतात. त्यासाठी प्रोजेक्ट गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) हवा आणि फॉरमॅटरला तुकडा फॉरमॅट करता यायला हवा, सगळ्यांना येत नाही. सगळा कोड एकदाच साफ करायचा असेल तर तो बदल वेगळा कमिट करा, म्हणजे वेगळा नोंदवा, आणि कोणती ओळ कुणी लिहिली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेमला तो वगळायला सांगा, नाहीतर पुढे प्रत्येक ओळीचे लेखक तुम्हीच.

कंसातला

हे माहीत नव्हतं. पण आमचा फॉरमॅटर अख्खी फाइलच घेतो, म्हणजे माझं बंदच बरं. आता दुसरं दुखणं सांगतो. माझ्याकडे एकतीस एक्स्टेन्शन आहेत आणि मोठी फाइल उघडली की अक्षर उमटायला वेळ लागतो. कोणतं नडतंय ते कसं शोधू?

अर्धविराम

एकतीस! माझा धागा वाचला तरी का?

असो. कंट्रोल-शिफ्ट-पीमध्ये 'एक्स्टेन्शन बायसेक्ट' शोधा. तो निम्मी एक्स्टेन्शन बंद करून विचारतो, त्रास गेला की आहे? उत्तर द्या, उरलेल्यांतली निम्मी बंद होतात. एकतीस असतील तर साधारण पाच फेऱ्यांत सापडेल.

कंसातला

सापडलं. जोडीचे कंस वेगवेगळ्या रंगांत दाखवणारं एक जुनं एक्स्टेन्शन. काढून टाकलं, फाइल झटकन उघडते आता. गंमत म्हणजे कंस अजूनही रंगीतच आहेत.

अर्धविराम

२०२१पासून व्हीएस कोड ते स्वतःच करतो. नंतर ते आपोआप चालूही झालं. तुम्ही इतके दिवस एकच काम दोघांकडून करून घेत होतात.

रिकामी ओळ

बरं, एक तुमचं. उरलेल्या तिसांचं काय?

कंसातला

त्यातलं एक मांजर आहे. ते राहणार.