मदत हवी आहे: बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) टाळायला घरच्यांना कसं शिकवता?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल भागात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरच्यांना शिकवायचं आहे. दर २ तासांनी कूस बदलणं सगळ्यांना पटतं, पण पूर्ण ९० अंशांत कुशीवर झोपवतात आणि खुब्याचं हाड दबतं. ३० अंशच कलवायचं, पाठीमागे घडी केलेली गोधडी लावायची. पोटरीखाली उशी, टाच मात्र अधांतरी. टाच आणि गादीमधून हाताचा पंजा सहज सरकला पाहिजे. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडला नाही, तर जखमेची सुरुवात समजायची. सावळ्या त्वचेवर हे नीट दिसत नाही. तिथे हात लावून ऊब आणि कडकपणा बघावा लागतो. आणि नेमकं तिथेच मायेने तेल चोळतात! आधीच दुखावलेल्या त्वचेला त्याने आणखी इजा होते.

खरी अडचण उन्हाळ्याची. पारा ४५ च्या आसपास, मेणकापडावर पाठ घामाने चिंब, त्यात लाइट गेली की एअर बेडचा पंप बंद. हवा उतरली की माकडहाड थेट फळीला टेकतं. मेणकापडाऐवजी तुम्ही काय सुचवता? घरात एकटीच बाई असेल, तर रात्रीच्या वेळा कशा बसवून देता? अहिराणीत चित्रांचा तक्ता कुणी केला असेल तर कृपया इथे टाका.